वरातीची गाडी

आमच्या आबांची गाडी धावताना कधी बंद पडली नाही. तिचं सगळं दुखणं थांबण्यात होतं. कर्जतहून खोपोलीकडे निघाली की चढ असो, उतार असो, बैलगाड्यांना धुरळा चारत जायची. पण रेल्वेच्या फाटकापाशी उभं राहायची वेळ आली, की अंगात आल्यासारखी थरथरायची, दोन-चार आचके द्यायची आणि गप्प व्हायची. मग आबा खाली उतरून पुढून हँडल मारायचे, आणि आत बसलेले आम्ही भलतीकडेच बघत राहायचो, जणू ही गाडी आमची नव्हेच.

एखादा म्हणेल, मोटार असते पळण्यासाठी, थांबताना थरथरली तर काय बिघडलं? दुसऱ्या कोणाची असती तर काही बिघडलं नसतं. पण आमची गाडी वरातीची होती.

आबा, म्हणजे माझे वडील, मूळचे भातशेतीवाले. ही जुनी मोटार त्यांनी मुंबईच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून आणली, तेव्हा गाडीच्या मानानं आबाच जास्त चकाकत होते. सत्तरच्या आसपासची ही गोष्ट. आमच्या भागात तेव्हा मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यामुळे लग्नसराईत नेरळपासून खालापुरापर्यंत नवरानवरीला गावात मिरवत न्यायला आबांनाच बोलावणं यायचं.

वरातीत गाडी चालवायची म्हणजे बहुतेक वेळ ती न चालवता चालू ठेवायची. पुढं बँड, बँडच्या पुढं नाचणारी पोरं, आणि सगळ्यांच्या मागं फुलांच्या माळा घातलेली गाडी. ती चार पावलं सरकते आणि थांबते. दारादारांतून बायका आरती घेऊन येतात, नवरीला ओवाळतात, नवऱ्याची चेष्टा करतात. पुन्हा चार पावलं. या सगळ्या वेळात इंजिन हळू आवाजात, एका लयीत चालत राहायला हवं. नवी नवरी आत बसलेली आणि गाडी ऐन वेशीत बंद पडली, तर म्हाताऱ्या लगेच तोंडाला पदर लावतात. 'वेशीतच अडली गं बाय' हे वाक्य मग त्या सुनेला जन्मभर पुरतं. पुढं तिच्या हातून दूध उतू गेलं तरी त्याची सुरुवात वेशीपासून होते.

आणि त्या वर्षी पोशीरच्या एका वरातीत आबांची गाडी बरोबर वेशीत बंद पडली. एकदा नाही, मारुतीच्या देवळापर्यंत पुन्हा पुन्हा. शेवटी नवऱ्यामुलानं फेटा सावरत स्वतः खाली उतरून हँडल मारलं. लोक अजूनही सांगतात, की हळद लागलेला नवरा असा घामाघूम झालेला त्यांनी त्याआधी पाहिला नव्हता.

आबांनी यावर उपाय शोधला. कार्बोरेटरचा एक स्क्रू पिळून इंजिनाची गती वाढवून ठेवली. आता गाडी बंद पडेना, पण हळूही चालेना. क्लच जरा सैल सोडला की ती पुढं उडी घ्यायची. पुढच्याच वरातीत तिनं सनईवाल्याला मागून हलकेच ढुशी दिली. त्याला लागलं काही नाही, पण सूर असा काही वर गेला की नाचणाऱ्यांना वाटलं आता खरी रंगत आली, आणि ते आणखीच जोरात नाचू लागले. वरात संपल्यावर बँडमास्तर आबांना म्हणाला, "शेठ, एक तर तुमची गाडी बंद पडू द्या, नायतर आमाला चिलखत द्या."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच हंगामात आमच्या आत्याचं लग्न ठरलं.

आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण. आजोबा गेले तेव्हा ती परकर नेसायची. तेव्हापासून आबांनीच तिला वाढवलं. वयानं ती आबांपेक्षा मला जवळची, आणि जिभेनं कोणालाच जवळची नाही. गाडी घरी आली त्या दिवशी आबा तिला म्हणाले होते, "तुला या गाडीतनं सासरी धाडीन. मी सोता चालवीन." त्यावर आत्या म्हणाली होती, "धाडायची घाई गाडी घ्यायच्या आदीपासनंच दिसतीय." पण त्यानंतर गाडी पुसायचं काम तिनं माझ्याकडून काढून घेतलं. रोज सकाळी फडकं घेऊन ती बॉनेट घासायची आणि गाडीशी बोलायची. आमच्याशी बोलायची त्यापेक्षा पुष्कळ प्रेमानं.

स्थळ खालापूरच्या बाजूचं, खाऊनपिऊन सुखी. मुलगा आत्याला पसंत होता. तिनं तसं सांगितलं नाही, पण तो पाहायला आला त्या दिवशी तिनं कोणालाच टोमणा मारला नाही, त्यावरून आम्ही ओळखलं. सगळं जुळलं, सुपारी फुटली, आणि निघता निघता मुलाची आई उंबऱ्यात थांबली. ती पोशीरच्या त्या लग्नाला पाहुणी म्हणून गेलेली होती.

"बाकी समदं तुमच्या मनासारखं करा," ती आबांना म्हणाली. "पन त्या गाडीतनं माझी सून माझ्या वेशीत आनायची नाय. ती गाडी वेशीत बसती."

माणसं गेल्यावर आबा मागच्या दारी जाऊन गाडीच्या पायरीवर बसले, तर उठेनात. आई म्हणाली, "अवं, दुसरी गाडी करू. खोपोलीत मिळंल." आबा म्हणाले, "मिळंल." तो आवाज ऐकून मला रडू आलं, हे मी इथं सरळ सांगून टाकते. आत्या मात्र म्हणाली, "मी दुसऱ्या गाडीत बसायची नाय. ही नीट कर, नायतर बैलगाडीतनं जाईन. बैल तरी उभ्याउभ्या थरथरत नायत."

तिथून आमच्या घरी गाडीच्या आजाराची परीक्षा सुरू झाली. कर्जतमधे तेव्हा मोटार थोड्यांकडे होती, पण मोटारीचं ज्ञान प्रत्येकाकडे होतं. शेजारचे गुरुजी म्हणाले पेट्रोलमधे रॉकेल आहे. टपालवाला म्हणाला प्लग. दूधवाल्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, मागचं टायर दाबून पाहिलं आणि गंभीरपणे मान हलवली. आईनं पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली. गाडी आधीसारखीच थरथरत राहिली, फरक एवढाच की आता लिंबूही थरथरू लागलं.

मग आबांनी खोपोलीच्या उस्तादांना आणलं. घाटात अडकलेले ट्रक रस्त्यावरच दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती, आणि नम्रता हा अवगुण त्यांना कधी शिवला नव्हता. ते आले ते बॉनेट उघडायच्या आधीच निदान घेऊन. "कार्बोरेटर," ते म्हणाले. कार्बोरेटर खोलला, धुतला, बसवला. गाडी थरथरली. "मंग पॉइंट." ठिणगीची वेळ साधणारे ते पॉइंट बदलले. गाडी थरथरली. "तर मंग प्लग, मी आदीच बोल्लो होतो." ते आधी बोलले नव्हते, टपालवाला बोलला होता. प्लगही बदलले.

त्यानंतर उस्तादांनी चहा मागवला, आणि चहा पिताना ते पहिल्यांदाच गप्प झाले. खरी तपासणी मग सुरू झाली. चालू इंजिनाच्या प्लगची एकेक वायर काढून ते कान देऊन ऐकू लागले. ज्या सिलिंडरचा दोष असेल त्याची वायर काढली तर आवाजात फरक पडत नाही, कारण तो आधीपासूनच काम करत नसतो. आमच्या गाडीत कुठलीही वायर काढा, आवाज सारखाच पडायचा. मग सगळे प्लग काढून ते एकेका भोकावर अंगठा दाबून धरू लागले, आणि आबांनी हँडल फिरवायचं. आतल्या हवेनं अंगठा जोरात उडायला पाहिजे. चारही ठिकाणी तो उडायचा, पण नुसता उपचार म्हणून.

"चारी भाऊ सारखेच आळशी," उस्ताद म्हणाले. "एक आळशी असता तर त्याचा दोष. चारी हायत म्हंजे चुकतंय त्यांना उठवनाराचं." ते आम्हाला समजावू लागले, की इंजिनात हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झाकणं असतात, आणि त्यांची उघडायची-मिटायची वेळ ठरलेली असते. ती वेळ जरा मागं पडली तर गाडी पळताना ते खपून जातं, पण हळू चालताना हवा आत टिकत नाही आणि इंजिन धापा टाकतं. "पन ती येळ आपोआप मागं पडत नाय. तिला आतून साखळी असती. ती कोनी उघडल्याबिगर..." आणि त्यांनी आबांकडे पाहिलं.

आबा पेरूच्या झाडाकडे बघत होते.

इतका वेळ दारात बसून तांदूळ निवडणाऱ्या आत्यानं सूप खाली ठेवलं. "दादा," ती म्हणाली, "गनपतीला गाडी बरी होती का नाय?"

बरी होती. शेजारच्यांचा गणपती आमच्याच गाडीतून उल्हास नदीवर गेला होता, लेझमीच्या मागं गोगलगायीच्या चालीनं, आणि इंजिन एकदाही कुरकुरलं नव्हतं. आम्हा सगळ्यांनाच ते आठवलं. "आनि तुळशीच्या लग्नानंतर पयली वरात केली तवा आचके देत होती. मंग मदी काय केलंस रं तू?"

मधे दसरा होता. दसऱ्याच्या आधी आबांनी घरच्या घरी, पुढचं सगळं खोलून, इंजिनाची ती साखळी बदलली होती. साखळी खुळखुळते असं उस्तादच त्यांना म्हणाले होते, आणि उस्तादांना न बोलावता आपण ती बदलू शकतो हे आबांना स्वतःला दाखवायचं होतं. दाखवून झालं होतं. फक्त इतके दिवस उस्तादांना सांगायचं राहिलं होतं.

उस्तादांनी कप खाली ठेवला. "म्हंजे मी हितं कार्बोरेटर धूत बसलो, पॉइंट बदलले, नि तुमी बगत बसलात?"

"तुमी इचारलंच नाय," आबा म्हणाले. याच्याइतकं दुबळं उत्तर मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही. आत्या हसली. मग उस्तादही हसले, पण ते जरा उशिरानं आणि एका बाजूनंच.

दोघांनी मिळून पुढचा भाग उघडला. आत दोन दातेरी चाकं, एक लहान, एक मोठं, आणि त्यांना जोडणारी साखळी. दोन्हींच्या खुणा समोरासमोर आल्या की वेळ बरोबर. कारखान्याच्या मूळ खुणा झिजून गेलेल्या, म्हणून आबांनी साखळी काढण्याआधी दोन्ही चाकांच्या एकेका दातावर लाल ठिपका दिला होता. बैलांची शिंगं रंगवून उरलेला ऑइल पेंट त्यासाठी वापरला होता. "लालाला लाल जुळवूनच बशिवलंय मी," आबा ठामपणे म्हणाले.

उस्तादांनी मोठं चाक फडक्यानं पुसलं. रंगाचा पुसट ठिपका दिसला. तो लहान चाकावरच्या ठिपक्यासमोर नव्हता. एक दात बाजूला होता.

"हा तुमचा लाल," उस्ताद म्हणाले. "मंग जुळवलात तो कंचा?"

आबांनी चाकाकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. दुसरा लाल ठिपका चाकावर कुठंच नव्हता. आबांचं त्या घटकेला स्वतःवरचा विश्वास उडाला असणार. तेवढ्यात स्वैपाकघराच्या दारातून आईचा बारीक आवाज आला.

"अवं, ते कुकू असंल."

खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या सगळ्या लोखंडाची पूजा होते. विळी, कोयता, नांगराचा फाळ, सायकल. त्या दिवशी आबांच्या इंजिनाचे भाग पडवीत गोणपाटावर मांडलेले होते, आणि आई हळदकुंकवाचं ताट घेऊन निघाली ती कोणाला वगळणार? एकेका नटबोल्टालाही तिनं बोट लावलं. लहान चाक इंजिनावरच राहिलेलं, पण मोठ्या चाकापाशी आली तर तिथं आधीच एक लाल टिकली, रॉकेलनं धुऊन पुसट झालेली. "पुसट कुकू तसंच ठेवू व्हय?" आई म्हणाली. "शेजारी ठसठशीत नवं लावलं." शेजारी म्हणजे पुढच्या दातावर. चाकाला तेल होतं, कुंकू पक्कं बसलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला गाडी बाहेर काढायचीच म्हणून आबांनी घाईघाईनं जुळवणी केली, आणि जो लाल जास्त झळकत होता तोच खरा धरला. पुढं इंजिनाच्या तेलानं कुंकू धुऊन नेलं, पुरावा काही उरला नाही.

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी. आबा तिच्यावर ओरडतील असं मला वाटलं. पण आत्याच आधी बोलली. "वयनी, इंजनाला सवाष्ण केलंस, आता त्याची वटीबी भर." उस्ताद हसता हसता गोणपाटावर बसलेच. आबांनी हसू दाबायचा खूप प्रयत्न केला, पण मिश्या त्यांचं ऐकत नव्हत्या.

एक दात सरकवून सगळं पुन्हा बसवलं. गाडी सुरू झाली. उस्तादांनी काठोकाठ भरलेला चहाचा कप बशीसकट बॉनेटवर ठेवला. आम्ही सगळे कपाकडे टक लावून बघत राहिलो. चहावर नुसती सुरकुती उमटत होती, बशीत एक थेंबही सांडला नाही. तो चहा मग उस्तादांनीच पिऊन टाकला.

पण विहिणीला कोण पटवणार? त्या बाई ऐकून विश्वास ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. आबांनी लग्नाच्या याद्या करायचं निमित्त काढलं आणि आईला नि मला घेऊन गाडी त्यांच्या दारात नेली. अंगणात उभी केली, इंजिन चालूच ठेवलं, आणि आम्ही ओसरीवर जाऊन बसलो. पोहे झाले, चहा झाला, आंब्याच्या मोहराची चौकशी झाली. आबांचा एक कान सतत अंगणात. मधेच विहीणबाई उठल्या, गाडीपाशी गेल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत येऊन समाधानानं म्हणाल्या, "बगा, मी बोल्ले नव्हते? बसली. उभ्याउभ्या बंद पडली."

आबा उठले. "बॉनेटला हात लावून बगा," ते म्हणाले. बाईंनी दोन बोटं टेकवली आणि चटका बसावा तशी मागं घेतली. मग पूर्ण तळवा टेकवला, तर आतली बारीक घरघर हाताला लागली. कितीतरी वेळ त्या तशाच उभ्या होत्या. "चालू हाय की वो," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच आबांकडे बघून हसल्या. "आना मंग हीच गाडी. पन वेशीत बसली तर सून मी चालवत नेईन, नि तुमी ढकलत या."

लग्न आमच्या दारात झालं. निघताना आई गाडी ओवाळायला ताट घेऊन आली, तेव्हा आबा बॉनेटवर दोन्ही हात पसरून आडवे उभे राहिले. "भायेरनं लाव," ते म्हणाले. "आतलं काय उघडू नगस." आईनं पुढच्या दिव्यांच्या मधे एवढं मोठं कुंकू रेखलं, की ते सगळ्या खालापूर तालुक्याला दिसावं.

नवरीची पाठराखीण म्हणून मी आत्याशेजारी बसले. तिच्या पलीकडे नवरा, पुढं आबा. उन्हं कलली तेव्हा आम्ही तिच्या सासरच्या वेशीत पोचलो. बँड वाजू लागला. विहीणबाई वेशीतच उभ्या होत्या, त्यांची नजर सुनेवर नव्हती, बॉनेटवर होती. गाडी चार पावलं सरकली आणि थांबली. इंजिन चालू. दारातून बायका आल्या, ओवाळलं, गेल्या. पुन्हा चार पावलं. वेस मागं पडली, पिंपळाचा पार मागं पडला. नाचणाऱ्या पोरांनी गाडी अडवून धरली तरी ती आपली शांतपणे चालू. आबांची पाठ मला मागून दिसत होती, ताठ, आणि मानेवर घामाची धार.

आत्यानं माझा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या हिरव्या बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या. मला वाटलं, गाडी बंद पडेल म्हणून घाबरलीय. मी तिच्या कानाशी लागून म्हटलं, "आता नाय बंद पडायची गं."

तिनं पुढं आबांच्या पाठीकडे पाहिलं. दिवसभर थट्टा करणाऱ्या त्या बाईचे डोळे काठोकाठ भरलेले होते.

"एकदा तरी बंद पडायला पायजे होती," ती म्हणाली.

घर आलं. माप भरून उंबऱ्यावर ठेवलेलं होतं. आत्या उतरली, मीही उतरले. आबा मात्र स्टिअरिंगपाशी तसेच बसून राहिले, इंजिन चालूच. शेवटी विहीणबाई स्वतः गाडीपाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बंद करा आता. पोचली तुमची बहीण."

आबांनी मान हलवली. चावी फिरवायला त्यांनी बराच वेळ घेतला.